सनद हातात की कपाटात? कोर्टाबाहेरचं करिअर शोधणाऱ्या नागपूरच्या लॉ विद्यार्थ्यांसाठी

लॉ कॉलेज चौकात शेवटच्या वर्षाच्या मुलांना 'पुढे काय?' विचारलं तर बहुधा दोनच उत्तरं येतात. कोणी म्हणतं, सिव्हिल लाइन्सला एखाद्या सीनियरच्या चेंबरला लागेन. कोणी म्हणतं, जेएमएफसीची, म्हणजे न्यायाधीश होण्याची, तयारी करीन. ज्यांचा जीव या दोन्हींत रमत नाही ते 'बघू' म्हणतात, आणि त्या बघण्यात दोन-तीन वर्षं निघून जातात. ती वर्षं वाचावीत म्हणून हे लिहितो आहे.

कोर्टाबाहेरच्या वाटांची यादी कुठेही मिळते. कंपनी, बँक, अध्यापन, पत्रकारिता, संस्था. पण यादी वाचून निर्णय होत नाही. प्रत्येक वाटेबद्दल एक गोष्ट आधी विचारावी लागते: तिकडे गेल्यावर माझी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, कुठे राहते? हातात राहते, कपाटात जाते, की तिची गरजच पडत नाही? पुढचे कोणते दरवाजे उघडे राहतील आणि कोणते लागतील, हे बरंचसं यावर ठरतं. कॉलेजात हे कोणी नीट बसवून सांगत नाही. म्हणून आधी सनदेचं बघू, मग नागपूरच्या कामांकडे वळू.

सनदेचा हिशेब

पदवी विद्यापीठ देतं. वकिलीचा अधिकार मात्र राज्याच्या बार कौन्सिलकडे नाव नोंदवल्यावर मिळतो. आपल्याकडे ती महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल. नोंदणीची फी अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २४ मध्येच लिहिली आहे. सर्वसाधारण उमेदवाराला एकूण ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये. यापेक्षा जास्त घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ च्या निकालात सगळ्या राज्यांच्या बार कौन्सिलना बजावलं. मुद्रांक शुल्क तेवढं वेगळं. हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण फीचे पैसे जमेपर्यंत नोंदणी पुढे ढकलणारी मुलं मी पाहिली आहेत. नोंदणीनंतर अखिल भारतीय बार परीक्षा असते. ती घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये वैध ठरवली आहे, म्हणजे प्रॅक्टिस करायची तर ती द्यावीच लागते.

आता अडचणीचा भाग. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला ४९ वा नियम सांगतो की वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. नोकरी धरली तर बार कौन्सिलला कळवायचं आणि प्रॅक्टिस थांबवायची. सनद रद्द होत नाही, स्थगित होते. नोकरी सोडली की अर्ज करून ती पुन्हा सुरू करता येते. सरकारी वकिलाचं प्रकरण निराळं आहे. त्याची नोकरीच कोर्टात उभं राहण्याची असते, म्हणून तो वकीलच राहतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केलं.

याच नियमावलीत पुढे ५१ वा नियम आहे, तो फार कमी जणांना ठाऊक असतो. कायद्याची पुस्तकं संपादित करणं, वर्तमानपत्रासाठी मजकूर कायद्याच्या नजरेने तपासून देणं, कायद्याच्या परीक्षांचे क्लास घेणं, प्रश्नपत्रिका काढणं आणि तपासणं ही कामं सनद चालू ठेवून करता येतात. पूर्णवेळ नोकरीचं रूप येत नसेल तर लेखन, व्याख्यानं आणि अध्यापनही चालतं. कायदा शिकवायचा असेल तर दिवसाला तीन तासांपर्यंत मुभा आहे, त्यासाठी १९७९ चे वेगळे नियम आहेत. आणि एखाद्या कंपनीचं काम महिन्याच्या ठरावीक फीवर, म्हणजे रिटेनरवर, घेतलं तर तुम्ही नोकर ठरत नाही. वकीलच राहता. नोकरी आणि रिटेनर यांतला हा फरक पहिल्या वर्षापासून डोक्यात पक्का असावा.

त्यात २० मे २०२५ ला नवी भर पडली. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, म्हणजे आपण ज्याला जेएमएफसी म्हणतो, त्या परीक्षेला बसायला किमान तीन वर्षांची प्रॅक्टिस हवी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. ही वर्षं बार परीक्षेआधीच्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजायची, आणि न्यायाधीशांकडे लॉ क्लर्क म्हणून केलेलं कामही धरायचं, असं त्याच निकालात आहे. याचा परिणाम साधा आहे. पदवी मिळताच कंपनीत लागलेल्या मुलीला चार वर्षांनी न्यायाधीश व्हावंसं वाटलं, तर तिची कंपनीतली वर्षं त्या तीनांत मोजली जाणार नाहीत. लॉ क्लर्क म्हणून उच्च न्यायालयात काम केलेल्या मुलीची मोजली जातील. म्हणून न्यायाधीश व्हायचं मनात थोडं जरी असेल, तर पहिली तीन वर्षं सनद हातात ठेवा. कामं कोर्टाबाहेरची घ्या, पण रिटेनरवर घ्या. परीक्षेची जाहिरात निघेल तेव्हा पात्रतेचा परिच्छेद आधी वाचा आणि अभ्यासक्रम नंतर.

जमीन, जंगल, कोळसा

मुंबईत कंपनी कायद्याची कामं जास्त, दिल्लीत सर्वोच्च न्यायालय आणि मंत्रालयं. नागपूरकडे काय? माझं उत्तर ठाम आहे: नैसर्गिक संपत्तीचा कायदा. वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय इथे. मॅंगनीजची मॉइल इथे. भारतीय खाण ब्यूरो इथे. पेट्रोलियम आणि स्फोटकांचे परवाने देणारी केंद्र सरकारची यंत्रणा, पेसो, तिचं मुख्यालयही इथेच. पर्यावरण संशोधनाची नीरी इथे आहे आणि दोन-तीन तासांवर गडचिरोलीचं जंगल आहे. देशात फार थोड्या शहरांभोवती अशी कामं एकवटली आहेत, आणि आपली मुलं मात्र पुण्याला कॉन्ट्रॅक्ट ड्राफ्टिंगच्या नोकऱ्या शोधत जातात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सगळ्यांत आधी हाताशी येणारं काम म्हणजे टायटल सर्च. बँक घरावर किंवा शेतावर कर्ज देण्याआधी मालकी निर्विवाद आहे का हे वकिलाकडून तपासून घेते. साधारण तीस वर्षांचे व्यवहार बघायचे असतात. दुय्यम निबंधक कार्यालयातली सूची क्रमांक २, सातबारा, आठ-अ, प्रत्येक फेरफार, आणि शहरात असेल तर नागपूर सुधार प्रन्यासाचं (एनआयटी) आरएल हे भूखंडाचं पत्र आहे की नाही. बाहेरून हे कारकुनी काम वाटतं. आत शिरलं की प्रत्येक फेरफारामागे एक घर दिसायला लागतं: कुठे बहिणीचं नाव गुपचूप कमी झालेलं, कुठे आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकलेली. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेची कलमं ३६ आणि ३६-अ इथे उपयोगी पडतात. जमीन भोगवटादार वर्ग-२ ची, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी, असेल तर निराळ्या अटी. जो हे वाचायला शिकला त्याला विदर्भात काम कमी पडत नाही. यात सनद हातात राहते, कारण तुम्ही बँकेच्या पॅनलवरचे वकील असता.

विदर्भाच्या जमिनीला तर एक खास गुंता आहे, झुडपी जंगलाचा. मध्य प्रांताच्या काळातल्या नोंदींत ज्या जमिनींवर झुडपं होती त्या तशा लिहिल्या गेल्या. पुढे त्यांवर शाळा झाल्या, घरं झाली, सरकारी इमारती झाल्या, पण नोंद तशीच राहिली. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वन संवर्धन कायद्याच्या अर्थाने वनच आहेत असा निकाल दिला. सोबत, १२ डिसेंबर १९९६ पूर्वी दिल्या गेलेल्या जमिनींसाठी केंद्राच्या मान्यतेने नियमित करण्याची वाटही ठेवली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांना हा निकाल लागू आहे. त्यावर पुढची कैक वर्षं काम चालेल, तलाठ्याच्या दप्तरापासून थेट दिल्लीपर्यंत. आज तिसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याने हा निकाल वाचून काढला आणि आपल्या तालुक्यातल्या दहा जमिनींच्या जुन्या नोंदी बघितल्या, तर पदवी मिळेपर्यंत तो या विषयात बऱ्याच अनुभवी लोकांच्या बरोबरीला येईल.

त्याच जुन्या नोंदींचा दुसरा उपयोग वनहक्कात होतो. वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या कलम ३ मध्ये निस्तार हक्कांचा, म्हणजे सरपण, गवत, लाकूड घेण्याच्या गावाच्या जुन्या हक्कांचा, स्पष्ट उल्लेख आहे, आणि गावाचं जुनं निस्तारपत्रक हा त्या हक्काचा पुरावा होऊ शकतो. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. मग दोन वर्षं प्रश्न अडला तो बांबूच्या वाहतूक परवान्यावर. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते परवान्याचं पुस्तक ग्रामसभेला मिळालं आणि गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकला. कागदावरचा हक्क आणि विकता येणारा बांबू यांच्यामध्ये ती दोन वर्षं गेली. तिथे कायदा जाणणारा, ग्रामसभेत मराठीत बोलणारा आणि जमल्यास गोंडी समजणारा माणूस लागतो. दावा तयार करायला किमान दोन पुरावे जोडायचे, उपविभागीय समितीने परत पाठवला तर का पाठवला ते लेखी मागायचं, आणि हक्क मिळाल्यावर व्यवस्थापनाचा आराखडा, तेंदू-बांबूच्या विक्रीचे करार, हिशेब. हे सगळं कायद्याचंच काम आहे. संस्थेत पगारावर लागलात तर सनद स्थगित करावी लागेल. ग्रामसभांचे सल्लागार वकील म्हणून फी घेतलीत तर नाही. पैसे कमी मिळतात, हे खरं आहे, आणि मी ते झाकणार नाही. पण पाच वर्षं हे काम केलेल्या माणसाला खाण कंपन्या, सरकारी विभाग आणि विद्यापीठं अशा तिन्ही बाजूंनी बोलावणं येऊ शकतं, कारण हे ज्ञान पुस्तकात मिळत नाही.

कोळशाकडची बाजू याच्या उलट टोकाची. कोळसा असलेली जमीन घेण्यासाठी १९५७ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात अधिसूचना कोणत्या क्रमाने निघतात, हरकत कधी घ्यायची, मोबदल्याचा वाद कोणत्या न्यायाधिकरणाकडे जातो, हे सगळं नेहमीच्या भूसंपादन कायद्याहून वेगळं आहे. उमरेड, सावनेर, वणी, बल्लारपूर या पट्ट्यांत जमिनीच्या मोबदल्यात नोकरी हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालू असलेली गावं आहेत. सार्वजनिक कंपन्यांमध्ये विधी अधिकारी याच फायली सांभाळतो. चांगला अधिकारी असेल तर खटला व्हायच्या आधी प्रकरण मिटवतो, आणि त्यात गावाचंही भलं होतं, कंपनीचंही.

कंपनीच्या आतलं काम

मिहानमधल्या आयटी कंपन्या, बुटीबोरी आणि हिंगण्याच्या एमआयडीसीतले कारखाने, इथे दोन प्रकारची कामं असतात. पहिलं करारांचं. कोण काय देणार, कधी देणार, नाही दिलं तर काय, माहिती फुटली तर जबाबदारी कोणाची, वाद कुठे चालणार. हे शांत, टेबलावरचं, वाक्यावाक्यावर थांबण्याचं काम आहे. ज्यांना उलटतपासणीची धास्ती वाटते पण भाषेची बारकाई आवडते, त्यांना ते जमतं.

दुसरं काम कंप्लायन्सचं, म्हणजे कायद्याने मागितलेला प्रत्येक परवाना, नोंदवही आणि विवरण वेळेवर तयार आहे ना हे बघण्याचं. प्रदूषण मंडळाची संमती, पीएफ, ईएसआय, कंत्राटी कामगारांच्या नोंदी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुने कामगार कायदे जाऊन त्यांच्या जागी चार कामगार संहिता आल्या. ज्या एचआर मॅनेजरने वीस वर्षं जुने कायदे पाठ केले, तो आणि काल पदवी घेतलेली मुलगी आता जवळपास एकाच जागेवरून सुरुवात करत आहेत. नवशिक्याला अशी संधी वारंवार येत नाही. हिंगण्यातल्या छोट्या कारखानदाराला पूर्णवेळ विधी अधिकारी परवडत नाही, पण पाच कारखान्यांनी मिळून दर महिन्याला थोडी फी देणं परवडतं. म्हणजे इथेही रिटेनर, आणि सनद हातात.

कंपनी सेक्रेटरीचा अभ्यासक्रम जोडायचा का, असं बरेच विचारतात. कंपनी कायद्याच्या नियमांनुसार दहा कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भागभांडवल असलेल्या खासगी कंपनीलाही पूर्णवेळ सेक्रेटरी नेमावा लागतो, त्यामुळे मागणी कायद्यानेच बांधलेली आहे. पण अभ्यासक्रम अवघड आहे, आकड्यांची आवड नसेल तर केवळ नावापुढे दोन अक्षरं लागावीत म्हणून त्यात शिरू नका.

माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आणि त्याचे २०२५ च्या नोव्हेंबरात आलेले नियम यांनी आणखी एक दालन उघडलं आहे. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे, म्हणून कंपन्या हा विषय टाळू शकत नाहीत. दवाखाने, शाळा, पतसंस्था यांच्याकडे लोकांची किती माहिती पडून असते याचा विचार करा. त्यांच्यातल्या बहुतेकांना मराठीत समजावून सांगणारा माणूस अजून भेटलेला नाही.

कार्यस्थळी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याबद्दल मुलींना विशेषतः सांगतो. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते आणि त्यात एक सदस्य बाहेरचा असावा लागतो. या बाहेरच्या सदस्याचा नियमांतला भत्ता दिवसाला २०० रुपये आहे, त्यावर घर चालत नाही. उत्पन्न येतं ते प्रशिक्षणं घेण्यातून आणि समित्यांना प्रक्रिया शिकवण्यातून. हे काम हलक्या हाताने करायचं नसतं. समोर बसलेल्या बाईची नोकरी आणि समोर बसलेल्या पुरुषाची अब्रू, दोन्ही तुमच्या अहवालावर अवलंबून असतात.

मराठी येणं ही पात्रता आहे

या वाटेकडे कोणी बघत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेपासून मराठी आहे. आता कुही-भिवापूरचं एखादं प्रकरण घ्या. एफआयआर मराठीत, पंचनामा मराठीत, साक्षी मराठीत, निकालही मराठीत. अपील नागपूर खंडपीठात आलं की हे सगळे कागद इंग्रजीत न्यावे लागतात. पंचनाम्यातला 'धुऱ्यावर' हा एक शब्द चुकला तर घटना एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते. बांधावरचं भांडण कोणाच्या हद्दीत झालं यावर जिथे प्रकरण उभं असतं, तिथे असा अनुवाद माणसाला तुरुंगात ठेवू शकतो किंवा सोडवू शकतो.

हे काम कोण करतं? बरेचदा टायपिंग सेंटरवाला, पानावर ठरलेल्या दराने. त्याचा दोष नाही, त्याला कायदा कोणी शिकवलेला नाही. कायदा शिकलेला, वऱ्हाडी आणि झाडीबोली कानावर असलेला, इंग्रजी नेटकं लिहिणारा पदवीधर या कामात उतरला तर तो वेगळाच दर मागू शकतो आणि मिळवू शकतो. पक्क्या नोकऱ्याही आहेत. उच्च न्यायालयाच्या आस्थापनेवर अनुवादक आणि दुभाषी यांची पदं असतात. राज्याच्या भाषा संचालनालयाचं विभागीय कार्यालय नागपुरात आहे, आणि अधिनियमांचा मराठी अनुवाद हे त्या संचालनालयाचं जुनं काम. त्यांचा न्यायव्यवहार कोश ज्याच्याकडे नाही त्याने आधी तो मिळवावा. सर्वोच्च न्यायालयाचे निकालही आता मराठीसह भारतीय भाषांत उपलब्ध केले जातात. यंत्र पहिला मसुदा करून देतं, तो तपासायला माणूस लागतो.

मराठी माध्यमातून आलेल्या, इंग्रजीमुळे वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो. तुमच्या हातात अर्धं भांडवल आधीच आहे. उरलेलं अर्धं म्हणजे रोज एक इंग्रजी निकाल वाचून त्याचं एक पान मराठीत लिहिणं. आणि आठवड्यातून एकदा उलट, मराठी पंचनामा इंग्रजीत.

कोर्टाची बातमी लिहिणं हे याचंच भावंड. साधारण दर डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं तेव्हा विधेयक वाचून त्याचा अर्थ संध्याकाळपर्यंत लिहून देणारी माणसं वर्तमानपत्रांना हवी असतात आणि आमदारांनाही. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, दुरुस्त्या यांचा मसुदा करायला कायद्याचा विद्यार्थी फार उपयोगी पडतो. संसदेच्या पातळीवर खासदारासोबत वर्षभर काम करण्याची पीआरएस संस्थेची लॅम्प फेलोशिप आहे, तिला २५ वर्षांपर्यंतची वयाची अट असते. राज्यात मुख्यमंत्री फेलोशिप आहे.

सरकारी आणि सार्वजनिक नोकऱ्या

यांच्याबद्दल माहिती सहज मिळते, म्हणून थोडक्यात. सरकारी बँकांचा विधी अधिकारी आयबीपीएसच्या परीक्षेतून निवडला जातो. अर्ज करताना वकील म्हणून नोंदणी झालेली असावी लागते आणि रुजू झाल्यावर सनद स्थगित करावी लागते. पॉवरग्रिड, एनटीपीसी, ओएनजीसी यांसारख्या कंपन्या क्लॅट पीजीच्या गुणांवर विधी अधिकारी घेत आल्या आहेत, त्यामुळे एलएलएम करायचं नसलं तरी ती परीक्षा द्या. सैन्याच्या जॅग, म्हणजे कायद्याचं काम बघणाऱ्या, शाखेसाठी एलएलबीला ५५ टक्के, वय २१ ते २७ आणि क्लॅट पीजीचे गुण लागतात, मग एसएसबीची मुलाखत आणि चेन्नईत प्रशिक्षण. कामठीची छावणी बघत मोठ्या झालेल्या मुलांना ही शाखा माहीत नसावी याचं मला नवल वाटतं.

एक मात्र सविस्तर सांगण्याजोगं आहे. विधी सेवा प्राधिकरणांनी २०२२ पासून लोकअभिरक्षक कार्यालयं सुरू केली आहेत. फौजदारी प्रकरणात वकील न परवडणाऱ्या आरोपीचा बचाव तिथले पूर्णवेळ वकील करतात. मानधन ठरलेलं, खासगी केस घ्यायची नाही, पण उभं राहायचं रोज कोर्टातच. ज्याला कोर्ट आवडतं पण अशिलाकडून फी मागण्याची वेळ आली की जीभ जड होते, त्याच्यासाठी याहून चांगली जागा मला दिसत नाही.

बौद्धिक संपदेचा विषय नागपुरात आहे, कारण त्याची राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था इथेच आहे. पण पेटंट एजंटच्या परीक्षेला विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते, बीए एलएलबी केलेल्यांना ती देता येत नाही. ट्रेडमार्कचं काम वकिलाला करता येतं. नागपुरी संत्र्याला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे. त्या नावाचा गैरवापर थांबवायला शेतकऱ्यांच्या बाजूने उभं राहणारे वकील वाढायला हवेत.

मध्यस्थी आणि दिवाळखोरी या दोन क्षेत्रांबद्दल भाषणांत बरंच ऐकू येतं. दोन्ही चांगली आहेत, पण पदवीनंतर लगेचची नाहीत. दिवाळखोरी व्यावसायिक म्हणून नोंदणीसाठी वकिलाला साधारण दहा वर्षांचा अनुभव लागतो. मध्यस्थीचं चाळीस तासांचं प्रशिक्षण लवकर करता येतं, पण लोक आपलं भांडण ज्याच्यासमोर मांडतात त्याच्या केसांत थोडी पांढरी रेघ शोधतात. ही वाट पस्तिशीनंतरची समजा.

इंटर्नशिपचे आठवडे वाया घालवू नका

बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. बहुतेक मुलं ओळखीच्या वकिलाकडून सर्टिफिकेट आणून हा विषय संपवतात. वर लिहिलेल्यांपैकी एकही वाट आपल्याला मानवते का, हे कळण्याची ती एकमेव फुकट संधी असते. चार आठवडे दिवाणी वकिलाकडे टायटल सर्चला द्या. चार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला. उरलेल्यांतले काही बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्यात, काही गडचिरोलीच्या किंवा मेळघाटच्या संस्थेत. चौथ्या आठवड्याच्या शेवटी स्वतःला विचारा की सोमवारी सकाळी इथे यावंसं वाटतं का. पगाराचा प्रश्न त्यानंतरचा.

घरच्यांशी बोलताना पदाचं नाव सांगून उपयोग होत नाही, 'कंप्लायन्स असोसिएट' ऐकून कोणत्याच बाबांना धीर येत नाही. काय काम करणार ते सांगा. 'बाबा, बँक कर्ज देण्याआधी जमीन कोणाची ते मी तपासून देणार आहे' हे मोहाडीच्या शेतकऱ्याला लगेच कळतं, कारण त्याने स्वतः कधीतरी त्यासाठी फेऱ्या मारलेल्या असतात.

आणि नोकरी धरलीतच तर रुजू व्हायच्या आठवड्यात बार कौन्सिलला स्थगितीचा अर्ज पाठवा. पगार घेत असताना चालू राहिलेली सनद ही शिस्तभंगाची बाब ठरू शकते, आणि पुढे प्रॅक्टिस सुरू करताना किंवा सरकारी पदासाठी अनुभव मोजताना तीच वर्षं अंगावर येतात. अर्जाची पोच, नियुक्तिपत्र आणि पुढे राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र एकाच फायलीत ठेवा. सनद पुन्हा सुरू करण्याच्या अर्जाला हेच कागद जोडावे लागतात.